सायकलस्वारांस ठेवलेली नावे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, भरतकाम आणि तीर्थयात्रा यांवर लेख असतात, आणि ते असावेतच. यंदा मी सायकलस्वारांच्या पोशाखाचा इतिहास लिहावयास घेतला आहे हे कळल्यावर आमच्या घरी दोन दिवस हसू चालले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयाची वर्गणी मी कधी चुकविली नाही, आणि इंग्रजी मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगणारी पुतणी घरात आहे. दुपारी भांडी आवरली की ती वाचीत असे आणि मी वहीत टिपून घेत असे. त्या टिपणांचा हा लेख.

निमित्त आपल्या सर्वांना ठाऊक आहे. चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी चाळिशीपुढच्या भगिनींसाठी सकाळचा सायकलवर्ग काढावा अशी सूचना आली. सायकली कोठून आणावयाच्या, शिकवावयाचे कोणी, पडले तर काय, हे प्रश्न दहा मिनिटांत आटोपले. पुढचा दीड तास बोलणे झाले ते एकाच गोष्टीवर : अंगावर काय घालावयाचे, आणि लोक काय म्हणतील. साडीवाल्या एका बाजूला, पंजाबी पोशाखवाल्या दुसऱ्या बाजूला, आणि विजार म्हणणारी बिचारी एकटीच. त्या रात्री माझ्या मनात आले की हे भांडण आपल्याच ओट्यावर पहिल्यांदा होत असेल काय? शोधू लागले तेव्हा कळले की ते सव्वाशे वर्षांहून अधिक जुने आहे आणि आपल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या माणसांनी ते केले आहे.

आधी पुरुषांचे पाहू, कारण सध्या हसे अधिक त्यांचेच होते. नाशकात गंगापूर रस्त्याला पहाटे उभे राहावे. डोक्यावर टोप, डोळ्यांवर रंगीत चष्मा, अंगाला चिकटून बसलेला भडक सदरा आणि मांड्यांवर घट्ट काळी तुमान, अशी चाळिशी-पन्नाशीतली माणसे वाकून सायकली दामटीत धरणाकडे जाताना दिसतात. दूधवाल्यापासून शाळकरी पोरांपर्यंत प्रत्येकाकडे त्यांच्यासाठी एक नाव आहे. ‘सर्कस आली’ हे सौम्य. ‘हिरवी मिरची’ हे सदऱ्याच्या रंगावरून. आणि ‘म्हातारचळ’ हे वयावरून. हा शेवटचा शब्द मला फार निर्दय वाटतो. चाळिशीनंतर माणसाने नवे काही केले की आपल्या भाषेत त्याला चळ म्हणतात. औषधाच्या गोळ्या सुरू केल्या तर मात्र कोणी काही म्हणत नाही!

असे म्हणणारे आपणच आहोत असे नव्हे. इंग्लंडात २०१० साली मिंटेल नावाच्या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने एक अहवाल काढला. पस्तीस ते पंचेचाळीस वयाचे पुरुष महागड्या सायकली विकत घेऊ लागले आहेत असे त्यात दिसले. पूर्वी त्या वयाचा पुरुष हौसेची मोटार घेई, आता सायकल घेतो, असा त्याचा मथितार्थ. त्या गिऱ्हाइकाला त्यांनी ‘मॅमिल’ असे नाव दिले. ‘लायक्रातला मध्यमवयीन पुरुष’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते केले आहे, आणि कानाला ते इंग्रजीतील सस्तन प्राण्याच्या शब्दासारखे लागते. गंमत तीच. नाव इतके चिकटले की वर्तमानपत्रांनी उचलले आणि पुढे ते कोशातही गेले. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक ओळखता यावे म्हणून केलेला शब्द चेष्टेचा होऊन बसला.

आता या लायक्राची जन्मकथा ऐका, म्हणजे हसू कोणाला यावे हा प्रश्नच पडेल. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५८ साली हा ताणला जाणारा आणि पुन्हा मूळ मापावर येणारा धागा सिद्ध केला. शोध चालला होता तो बायकांच्या पोटपट्ट्यांसाठी. त्या वेळी बायका पोट आवळून धरणारे रबरी धाग्याचे आतले कपडे घालीत. ते जड, गरम आणि घामाने खराब होणारे. त्यांच्याऐवजी काही हलके हवे होते. लायक्रा हे कंपनीचे नाव. अमेरिकेत या धाग्याला सर्वसाधारण नाव आहे ते स्पॅन्डेक्स, आणि ते ‘पसरतो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनविले आहे. म्हणजे बायकांचे पोट आत दाबण्यासाठी निघालेले कापड पुढे पुरुषांच्या मांडीवर आले आणि त्यांचे पोट बाहेर दाखवू लागले. यावर मी अधिक काही लिहीत नाही, आमचे हे स्मरणिका वाचतात.

सायकलच्या शर्यतीतील लोकांनी हे कापड १९७० नंतरच्या दशकात उचलले. त्याआधी त्यांच्या तुमानी लोकरीच्या असत. लोकर पावसात भिजली की लोंबे आणि घासे. तुमानीच्या आतून बसण्याच्या जागी शॅमॉय नावाच्या मऊ कातड्याचा तुकडा शिवलेला असे. धुतल्यावर तो पापडासारखा कडक होई, म्हणून घालण्यापूर्वी त्याला मलम चोळून मऊ करावे लागे. आजच्या तुमानीत त्या जागी कृत्रिम कापडाची गादी असते. तीन-चार तास खोगीरावर बसून पाय सारखे वर-खाली होत असता सैल कापडाची चुणी मांडीला अक्षरशः सोलून काढते. तुमान घट्ट का, याचे उत्तर एवढेच. काळी का, तर साखळीचे तेल आणि खोगिराचा डाग दिसू नये म्हणून. सदऱ्याचे खिसे पाठीवर का, तर पुढे वाकले की छातीवरच्या खिशातून वस्तू सांडतात म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात पदर का खोचतो हे जसे चुलीपाशी उभे राहिल्यावाचून कळत नाही, तसेच हेही खोगिरावर बसल्यावाचून कळत नाही.

पण नावे ठेवणे हे लायक्राच्या कितीतरी आधीचे. इंग्लंडात १८७० च्या पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या तेव्हा त्यांवर बसणाऱ्यांना ‘चाकांवरचे मवाली’ अशा अर्थाचे नाव होते. १८९० च्या सुमारास हँडलवर ओणवे होऊन वेगाने जाणाऱ्यांना ‘स्कॉर्चर’ म्हणत, म्हणजे रस्ता भाजून काढणारे. पाठीला बाक काढून बसणे हेच असभ्यपणाचे लक्षण ठरले. लोकांचा रोष आणि पोलिसांचा त्रास इतका, की तेथील सायकलस्वारांच्या संघाने रस्त्यावरच्या शर्यतीच बंद केल्या. तेव्हा हौशी मंडळींनी युक्ती काढली. एकेकाने वेगवेगळ्या वेळी निघावयाचे, घड्याळ लावून वेळ मोजावयाची, आणि शर्यत आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावयाचे. कितीतरी वर्षे तेथील सायकलस्वार असे काळे होऊन पहाटे हिंडत. आज रंग भडक म्हणून हसतात. तेव्हा रंग लपविण्यासाठी हा खटाटोप होता.

फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत १९१९ साली पुढे असणाऱ्याला पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली. शर्यत भरविणारे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापीत, त्यावरून तो रंग. पहिला सदरा मिळाला युजीन क्रिस्तोफ यांना. वय चौतीस. लोक त्यांना पाहून कॅनरी पक्षी आला म्हणून ओरडत आणि ते वैतागत, असे सांगतात. आज त्याच सदऱ्यासाठी माणसे जिवाचे रान करतात.

आता बायकांकडे वळते. माझे टिपण येथे सर्वांत जाड आहे.

हल्लीच्या सायकलीचा घाट, म्हणजे दोन सारखी चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक, हा १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीने रूढ केला. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप यांनी हवेचे टायर काढले. त्याआधीच्या उंच चाकावर घोळदार झग्याने चढणे शक्यच नव्हते. आता चढता येऊ लागले, पण झगा साखळीत जाई, चाकात जाई, वाऱ्याने फुगे. बाई पडली की सायकलीला दोष. म्हणून काही जणींनी झग्याऐवजी गुडघ्याखाली आवळलेली सैल तुमान घातली, आणि गहजब झाला.

त्या तुमानीला ‘ब्लूमर’ म्हणत. हे नाव ज्यांचे, त्या अमेलिया ब्लूमरबाईंचा आणि सायकलीचा काहीही संबंध नव्हता. अमेरिकेतील सेनेका फॉल्स गावी त्या ‘लिली’ नावाचे पत्र चालवीत. १८५१ साली एलिझाबेथ स्मिथ मिलर या बाई तुर्की पद्धतीची तुमान आणि वर आखूड झगा घालून तेथे आल्या. ब्लूमरबाईंना पोशाख सोयीचा वाटला, त्यांनी तो घातला आणि आपल्या पत्रात त्याविषयी लिहिले. झाले! वर्तमानपत्रवाल्यांनी पोशाखाला त्यांचे नाव देऊन टाकले. शिवला एकीने, नाव दुसरीचे. काही वर्षांनी त्यांनी स्वतः तो पोशाख सोडलाही. १८९४ च्या डिसेंबरात त्या वारल्या तेव्हा सायकलीची लाट नुकती उसळत होती, आणि पुढे जगभर सायकलवरच्या बायकांच्या तुमानीला त्यांचे नाव घेऊन लोक हसले. नाव एकदा पडले की माणूस मेल्यावरही ते सुटत नाही, हे आपल्या गल्लीत आपण पाहतोच.

१८९३ च्या सप्टेंबरात टेसी रेनल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीने ब्रायटनहून लंडनला जाऊन परत येण्याचा प्रवास साडेआठ तासांत केला. अंतर सुमारे १९० किलोमीटर. पत्रांनी चर्चा केली ती तिच्या दमाची नव्हे, तिच्या तुमानीची. डॉक्टर लोकही मागे नव्हते. सायकलीने बाईचा चेहरा बिघडतो, डोळे बटबटीत होतात, जबडा आवळला जातो, असे सांगून त्यांनी त्याला ‘सायकली चेहरा’ असे रोगाचे नाव दिले. दळण कांडून, धुणी धुऊन चेहरा बिघडतो असा शोध मात्र त्यांपैकी कोणी लावला नाही.

१८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात बायकांना पदवी द्यावी की नाही यावर मतदान होते. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाईचा एक पुतळा करून सभागृहासमोर रस्त्यावर उंच टांगला. शिकलेली बाई कशी दाखवावयाची? तर सायकलवर बसलेली आणि ब्लूमर घातलेली. ठराव मोठ्या मतांनी पडला. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर. सायकल, तुमान आणि विद्या ही तिन्ही त्या पोरांच्या डोक्यात एकच झाली होती, हे या पुतळ्यावरून चांगले कळते.

तरुणींची ही गत, तर पन्नाशीच्या बायकांची काय असेल? दोघींची गोष्ट मला फार आवडली.

पहिल्या फ्रान्सेस विलर्ड. अमेरिकेतील दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या मोठ्या संघाच्या त्या अध्यक्षा. हा संघ आपल्याला परका नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या होत्या तेव्हा त्यांची आणि विलर्डबाईंची ओळख झाली होती, आणि १८८९ साली निघालेल्या आपल्या अमेरिकेवरील मराठी पुस्तकात रमाबाईंनी तेथील बायकांच्या संस्थांविषयी मोठ्या आस्थेने लिहिले आहे. १८९२ साली विलर्डबाईंची आई गेली. त्या खचल्या, प्रकृती ढासळली. तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी सायकल शिकावयास घेतली. लेडी हेन्री सॉमरसेट या मैत्रिणीने सायकल भेट दिली, तिचे नाव त्यांनी ‘ग्लॅडिस’ ठेवले. रोज दहा-वीस मिनिटे, असे करीत सुमारे तीन महिने लागले. आजूबाजूला धरावयास माणसे, मधूनमधून पडणे, पुन्हा बसणे, सारे त्यांनी १८९५ साली पुस्तक लिहून सांगितले. लक्षात घ्यावयाचे ते असे की त्यांनी तुमान घातली नाही. जमिनीपासून जरा वर राहील असा लोकरी झगा, जाकीट, साधी टोपी, चालण्याचे बूट, एवढेच. संघाच्या हजारो सभासद बायका धर्मभीरू आहेत, त्यांना बिचकवून उपयोग नाही, असा त्यांचा हिशेब असावा. काही जणींना हा भित्रेपणा वाटेल. मला वाटत नाही. घरात सासू असताना सून जो हिशेब करते तोच हा.

दुसऱ्या लेडी हार्बर्टन, इंग्लंडातील उमरावाची पत्नी. यांचा स्वभाव नेमका उलट. त्यांनी १८८१ साली समविचारी बायकांबरोबर सोयीच्या पोशाखाचा प्रसार करणारी संस्था काढली. बाईच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांहून, म्हणजे सव्वातीन किलोंहून, अधिक असू नये अशी त्या संस्थेची मागणी होती. अधिक नको म्हणजे इतके, यावरून त्या बिचाऱ्या एरवी काय अंगावर वागवीत असतील याची कल्पना करावी! पन्नाशी उलटल्यावरही या बाई सैल तुमान आणि वर लांब कोट घालून एकट्या सायकलने फिरत. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी सरे परगण्यात ऑकम गावी ‘हॉटबॉय’ नावाच्या खाणावळीपाशी त्या उतरल्या आणि जेवण मागितले. मालकीणबाईंनी पोशाख पाहिला. बायकांच्या नेहमीच्या दालनात बसू देणार नाही, बसावयाचे तर दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत बसा, म्हणाल्या. तेथे गडीमाणसे धूर काढीत बसली होती. लेडीबाई न जेवता निघाल्या.

एवढ्यावर राहिले असते तर ती घरी सांगावयाची गोष्ट झाली असती. पण सायकलने प्रवास करणाऱ्यांचा एक मोठा संघ होता, त्याने खाणावळवालीवर खटला भरला. खाणावळवाल्याने सभ्य प्रवाशाला अन्न नाकारू नये असा तेथला जुना कायदा होता. १८९९ च्या एप्रिलात खटला चालला. पोशाख सभ्य की असभ्य, यावर न्यायालयाने निवाडा द्यावा अशी साऱ्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात वाद झाला तो त्या खोलीवर. खोली कशी होती, जेवण देऊ केले होते की नाही, हे पाहिले गेले. त्या खोलीचे छायाचित्रही पुढे आले, आणि त्यात टेबलावर स्वच्छ कापड व फुले मांडलेली होती. ज्यूरीने ठरविले की बाईंनी अन्न नाकारले नव्हते, जागा तेवढी दुसरी दाखविली. मालकीणबाई निर्दोष सुटल्या.

पाहुणे यावयाच्या वेळी चादर बदलणे आपण साऱ्याच जाणतो, त्यामुळे त्या फुलांविषयी मला जे वाटावयाचे ते वाटले. खटला हरला खरा. पण वर्तमानपत्रांतून त्याचा इतका गवगवा झाला की तुमानीतली बाई हा घरोघर बोलण्याचा विषय झाला. मला मात्र त्या निकालातील एक बारीक गोष्ट सलते. बाईला कोणी ‘जेवू नको’ म्हटले नाही. तिकडे, आडबाजूला बस म्हटले. आणि ते म्हणणारी बाईच होती.

फ्रान्समध्ये तर कायदाच होता. १८०० साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला होता की बाईला पुरुषाचा पोशाख करावयाचा तर परवानगी घ्यावी. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी तो सैल केला : हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलीचे हँडल असेल तर बाईने विजार घातली तरी चालेल. म्हणजे सायकलवरून उतरून ती भिंतीला टेकविली की गुन्हा! तो हुकूम आता निरर्थक आहे असे तेथील सरकारने जाहीर केले ते २०१३ साली.

आपल्याकडे पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेव्हा धोतराचा सोगा खोचून, पायजम्याला घोट्यापाशी क्लिप लावून कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सारे सायकलवर. त्या क्लिपेला कोणी हसले नाही, कारण ती सर्वांच्याच पायाला होती. बायकांसाठी आली ती लेडीज सायकल : मधला दांडा खाली वाकविलेला, साखळीवर पत्र्याचे झाकण, मागच्या चाकावर जाळी. ही सारी व्यवस्था मुळात त्या विलायती झग्यासाठी केलेली. आपल्या साडीला ती आयती उपयोगी पडली. म्हणजे तेथल्या बायकांनी जे भांडण केले त्याचा अर्धा निकाल सायकलीच्या घाटातच उतरला, असे म्हणावयास हरकत नाही. पोशाख बदलता येईना म्हणून सायकल बदलली.

माझ्या सासूबाई लग्नाआधी सायकल चालवीत. निऱ्या गुडघ्यात धरून, पदर कमरेला खोचून त्या शिवणवर्गाला जात. सासरी आल्यावर बंद. कोणी मनाई केली नाही, कोणी ‘चालव’ म्हटलेही नाही. आणि माझे सांगावयाचे तर, माझ्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. आठवी पाच किलोमीटरवर. घरात सायकल होती, भाऊ तीवरून जाई. मलाही येत होती, खळ्यात शिकले होते. पण चारचौघांत मुलीच्या जातीने सायकलवर टांग टाकावयाची आणि परकर पिंढरीपर्यंत वर जावयाचा, हे वडीलधाऱ्यांना रुचेना. गावात एक मुलगी जात असे, तिला पोरांनी ‘टांगेवाली’ हे नाव ठेवले होते. माझ्या आईला त्या नावाची भीती वाटली. म्हणून मी सातवी पास. परकराची लांबी आणि एक शब्द, एवढ्यावर ते ठरले. तेव्हा कपड्याचे काय एवढे घेऊन बसलात, असे जे आपल्या सभेत कोणी म्हणाले, त्यांना माझे हे उत्तर समजावे.

तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरतेची मोहीम चालली होती. शीलाराणी चुंकत या बाई तेथे जिल्हाधिकारी होत्या. शिकविणाऱ्या बायकांनी गावोगाव जावे कसे, म्हणून मोहिमेत सायकल शिकणेही घातले. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, शिक्षिका, अशा हजारो बायका शिकल्या. त्यांनाही घाणेरडी बोलणी ऐकावी लागली. बायकांच्या सायकली पुरेशा मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पुढे कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसविता येते. साडीचे काय, हा प्रश्न त्यांनी चालविता चालविता सोडविला. बिहारात २००६ पासून नववीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या, आणि आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मुलींना त्या दिल्या गेल्या आहेत. पाच किलोमीटर म्हणजे किती, हे सरकारला कळले याचा मला मनापासून आनंद आहे.

आता आपल्या नाशकाचे. २०१५ साली येथील महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. धाकटे चाळिशीच्या उंबरठ्यावर, थोरले चाळिशी ओलांडलेले. त्यानंतर काही दिवस घट्ट तुमानीवाल्यांना आपल्या गावात मान आला होता. लोक टाळ्या वाजवीत. मग हळूहळू पुन्हा मिरची आणि सर्कस सुरू झाली. यश मिळाले की पोशाख शोभतो, आणि नुसती तब्येत सांभाळावयाची असेल तर तोच पोशाख चाळा ठरतो, हे मला पटत नाही. शर्यत पुरी करणारे दोघे, पण रक्तातली साखर घरोघर आहे.

बायकांना मात्र ती टाळ्यांची पाळीही आली नाही. आपल्या मागच्या गल्लीतील एका भगिनीने, नाव सांगत नाही, गेल्या दिवाळीनंतर सायकल सुरू केली होती. सलवार घोट्यापाशी रबराने बांधून, डोक्याला टोप घालून जात असे. तिसऱ्या आठवड्यात चौकातल्या पोरांनी ‘आजी, हेल्मेट सांभाळा’ म्हणून हाळी दिली. ती बेचाळीस वर्षांची आहे. सायकल जिन्याखाली गेली, तिच्यावर जुनी चादर. मी दोनदा जाऊन आले. ‘पोरांचे काही नाही हो वहिनी, पण खिडकीतून बायका हसल्या,’ असे ती म्हणाली. त्या खिडक्या कोणाच्या हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. हॉटबॉयच्या मालकीणबाई मात्र मला त्या दिवशी फार आठवल्या.

वर्गाविषयी कार्यकारिणीने ठरविले आहे ते येथे लिहिते, म्हणजे पुन्हा दीड तास जावयास नको. पोशाखाचा नियम नाही. साडी, पंजाबी, विजार, जिला जे जमेल ते. साडीवाल्यांनी पदर कमरेला खोचून पिन लावावी, पंजाबीवाल्यांनी ओढणी घरी ठेवावी किंवा पाठीमागे घट्ट बांधावी, सैल पायाच्या विजारीला उजव्या घोट्याला रबर लावावे, साखळी त्या बाजूला असते. दोन लेडीज सायकली देणगीदाखल मिळाल्या आहेत. एकीची जाळी तुटली होती ती मिस्त्रीकडून बसवून घेतली, दुसरीच्या साखळीचे झाकण खडखडते, तेवढे काम राहिले आहे. मैदानावर सकाळी साडेपाच ते साडेसहा. मागून धरावयास आळीपाळीने दोघीजणी लागतील, त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. मागच्या गल्लीतील भगिनीने शिकविण्याचे कबूल केले आहे. चादर तिने काढली आहे, पुढच्या टायरात हवा भरावयाची आहे.